पंक्तिप्रपंच

माझ्या लेकीचें बिऱ्हाड कॅनडांत माँट्रियल शहरीं आहे. २०१८ सालच्या जानेवारींत तिनें हट्टानें मला तिकडे बोलावून घेतलें. साठीच्या माणसानें ऐन हिवाळ्यांत त्या मुलखांत जाणें हें शहाणपणाचें लक्षण नव्हे, असें आमच्या वडील बंधूंचें स्पष्ट मत होतें. तथापि नातीला पाहून तीन वर्षें लोटलीं होतीं, मी गेलों. तेथील थंडीचें वर्णन करून वाचकांस कुडकुडविण्याची माझी इच्छा नाहीं. त्या मुक्कामांत एका जुन्या जखमेवरची खपली निघाली, तेवढीच हकीकत सांगावयाची आहे. आणि ती सांगावयाची तर आधीं बर्फावरील नाचाची गोष्ट सांगणें भाग आहे.

नात त्या वेळीं नऊ वर्षांची होती. आठवड्यांतून दोनदां ती बर्फावर घसरण्याचें शिक्षण घेण्यास जाई, आणि तिची पिशवी सांभाळीत बाकावर बसणें हें माझें काम. मोठ्या छपराखालच्या त्या बर्फाच्या अंगणास तिकडे 'रिंक' म्हणतात. आरंभीं मला तो केवळ पोरखेळ वाटला. पुढें एकदां तिनें आपला जोडा माझ्या मांडीवर ठेवून त्याचें पातें दाखविलें. पातें सुरीसारखें धारदार असेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षांत तें चांगलें जाड असतें, आणि मधोमध पन्हळीसारखी खांच असल्यामुळें त्याला आंतली व बाहेरची अशा दोन कडा असतात. जाणता मनुष्य पात्यावर उभा राहत नाहीं, कडेवर उभा राहतो. शरीर ज्या बाजूस कलेल त्या बाजूस बर्फावर वळसा उमटतो. "अण्णाआजोबा, सरळ जायचंच नसतं. सरळ गेलं की मार्क जातात," असें तिनें मला समजाविलें. जन्मभर मुलांना सरळ चालावयास सांगणाऱ्या मास्तरला हें ऐकून गंमत वाटली.

याच विद्येंत स्त्रीपुरुषांच्या जोडीनें करावयाच्या नृत्याची एक स्वतंत्र शाखा आहे. तिला 'आइस डान्स' म्हणतात. १९५२ पासून तिचें जागतिक अजिंक्यपद आहे, आणि १९७६ सालीं इन्सब्रुकच्या हिवाळी ऑलिंपिकमध्यें तिला प्रवेश मिळाला. जोडीचा जो दुसरा प्रकार आहे त्यांत पुरुष स्त्रीला डोक्यावर धरून फिरवितो, दूर भिरकावितो, आणि ती हवेंत तीन तीन गिरक्या घेऊन उतरते. आइस डान्समध्यें असें भिरकावणें वर्ज्य. उचलावयाचें तेंहि थोडक्या उंचीवर आणि थोडक्या सेकंदांपुरतें. मग उरलें काय? उरली लय, कडांची शुद्धता आणि दोन देहांमधील अंतर. दोघांचीं पावलें एकमेकांच्या इतकीं जवळून जातात कीं, पात्याला पातें लागेल या भीतीनें पाहणाराच पाय आखडून घेतो. मला तर वृत्तांची आठवण झाली. शार्दूलविक्रीडिताचीं अक्षरें एकोणीस, गण ठरलेले, यति ठरलेला. त्या कुंपणांतच कवीनें हिंडावयाचें असतें, आणि तो किती मोकळेपणानें हिंडतो यावरून त्याची परीक्षा होते.

त्या फेब्रुवारींत दक्षिण कोरियांतील प्याँगचांग येथें ऑलिंपिक सामने चालू होते. तिकडे २० तारखेची सकाळ, म्हणजे माँट्रियलला १९ तारखेची रात्र. नातीला जागण्याची परवानगी मिळाली होती. सुवर्णपदकासाठीं दोन जोड्यांत चुरस होती. एक कॅनडाची, टेसा व्हर्च्यू आणि स्कॉट मॉयर यांची. दुसरी फ्रान्सची, गाब्रिएला पापादाकिस आणि गियोम सिझेराँ यांची. आदल्या दिवसाच्या छोट्या नृत्यांत आरंभींच त्या फ्रेंच मुलीच्या पोषाखाचा मानेजवळचा आकडा निघाला. ती थांबली नाहीं. वस्त्र सांवरीत तिनें नृत्य पुरें केलें. तरी ती जोडी १.७४ गुणांनीं मागें राहिली. दुसऱ्या दिवशीं बेथोव्हेनच्या संथ सुरांवर ती अशी नाचली कीं, आमच्या घरांत कोणी बोलेना. मागाहून कॅनडाची जोडी आली. अखेरचे आंकडे पडद्यावर आले: कॅनडा २०६.०७, फ्रान्स २०५.२८. पाऊण गुणाच्या फरकानें सुवर्णपदक! जांवईबापू उभे राहून टाळ्या वाजवूं लागले. शेजारच्या घरांतूनहि आरोळी ऐकूं आली.

तेवढ्यांत नात म्हणाली, "दोघांच्या टीचर एकच आहेत."

"कोणाच्या दोघांच्या?"

"दोन्ही जोड्यांच्या. आणि चौथा नंबर आला ना, त्या अमेरिकेच्या हबेल-डॉनह्यूच्यासुद्धां. सगळे इथंच शिकतात, आपल्या गावात."

मला तें खरें वाटेना. पहिला, दुसरा आणि चौथा क्रमांक एकाच शाळेंत, आणि तोहि तीन निरनिराळ्या देशांच्या नांवावर? पण तें खरेंच होतें. पुढच्या रविवारीं लेकीनें मोटारींतून मला ती जागा दाखविली. महामार्गाच्या उंच पुलांच्या सान्निध्यांत नगरपालिकेची एक साधी क्रीडाशाळा आहे. गॅडबॉइस तिचें नांव. इतक्या पदकांचें तें माहेर पाहून मला आमच्या पाठशाळेच्या पत्र्याच्या पडवीची आठवण झाली.

या शाळेच्या मुख्य गुरु मारी-फ्रान्स द्युब्रय आणि त्यांचे पति पात्रिस लोझाँ. दोघेंहि माँट्रियलचींच. १९९५ पासून दोघें एकत्र नाचूं लागलीं. कॅनडाचें राष्ट्रीय अजिंक्यपद त्यांनीं पांचदां मिळविलें. परंतु देशाबाहेर यश हातीं येईना. २००२ च्या ऑलिंपिकमध्यें तीं बारावीं आलीं. मध्यंतरीं फ्रान्समधील लियाँ येथें जाऊन त्यांनीं विद्याभ्यास केला. २००६ चें तोरिनो येथील ऑलिंपिक आलें, तेव्हां बाई एकतीस वर्षांच्या होत्या. पदकाची आशा धरण्याजोगी तयारी झाली होती. दुसऱ्या नृत्याच्या अखेरीस पात्रिस गिरकी घेत त्यांना फिरवीत असतां त्यांची पकड सुटली आणि त्या कंबरेवर बर्फावर आपटल्या. त्यांना उभें राहतां येईना. पतीनें दोन्ही हातांवर उचलून त्यांना बाहेर नेलें. तिसऱ्या नृत्यासाठीं ती जोडी आलीच नाहीं. अवघ्या महिन्याभरांत कॅल्गरीच्या जागतिक सामन्यांत हींच दोघें उतरलीं आणि रौप्यपदक घेऊन आलीं. पुढल्या वर्षीं टोकियोला पुन्हां रौप्य. दोन्ही वेळां बल्गेरियाची एकच जोडी त्यांच्यापुढें होती. त्यानंतर त्यांनीं स्पर्धा सोडली. ऑलिंपिकचें पदक त्यांच्या घरीं नाहीं. जगांतला पहिला क्रमांकहि नाहीं.

येथें मला 'मालविकाग्निमित्रा'ची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं. त्या नाटकांत गणदास आणि हरदत्त हे दोन नृत्याचार्य राजापुढें भांडत येतात: श्रेष्ठ कोण? परिव्राजिका निवाड्याची रीत सांगते. कोणाची विद्या स्वतःच्या अंगीं शोभते, कोणाची ती दुसऱ्याच्या अंगीं उतरविण्यांत शोभते. ज्याला दोन्ही साधलें तो शिक्षकांचा अग्रणी. म्हणून आचार्यांनीं नाचावयाचें नाहीं, शिष्यांनीं नाचावयाचें. (बिचाऱ्या हरदत्ताच्या शिष्येची पाळी येते न येते तोंच मध्यान्ह होते, आणि राजाचें काम आधींच झालेलें असतें, ही गोष्ट वेगळी.) पण कालिदासाच्या प्रसंगांत दोन गुरु आहेत आणि प्रत्येकाची शिष्या निराळी आहे. गुरु एक आणि एकमेकांच्या उरावर बसलेले शिष्य दोन, हा पेंच त्यानें घातला नाहीं. अवघड जागा तर तीच.

असा प्रसंग बर्फावर पूर्वीं आलाच नव्हता असें नाहीं. हेच व्हर्च्यू आणि मॉयर पूर्वीं अमेरिकेंत मिशिगन प्रांतांत शिकत असत, आणि त्यांच्याच गुरूंपाशीं अमेरिकेची मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट ही जोडीहि शिके. २०१० च्या ऑलिंपिकमध्यें कॅनडाला सुवर्ण, अमेरिकेला रौप्य. २०१४ सालीं नेमकें उलट. (२०१० सालीं या डेव्हिस-व्हाइट जोडीनें आपल्या हिंदी चित्रपटांतील गाण्यांवर नृत्य केलें होतें. 'देवदास'मधील ज्या गाण्यावर आपली माधुरी दीक्षित नाचली, तें त्यांत होतें. नातीनें मला तें मुद्दाम दाखविलें. मुद्रा अगदींच कांहीं वाईट नव्हत्या.) २०१४ नंतर व्हर्च्यू आणि मॉयर दोन वर्षें घरीं बसलीं, आणि परत यावयाचें ठरविलें तेव्हां त्यांनीं गुरु निवडले ते माँट्रियलचे. आतां, पापादाकिस आणि सिझेराँ २०१४ पासून त्याच शाळेंत होतीं, आणि २०१५ व २०१६ चें जागतिक अजिंक्यपद त्यांच्याकडेच होतें. त्यांचे लियाँचे गुरु रोमँ हागनोएर हे त्यांना घेऊनच माँट्रियलला आले होते. हेच गृहस्थ एके काळीं द्युब्रय आणि लोझाँ यांचेहि शिक्षक. म्हणजे शिष्यांच्या शाळेंत गुरु येऊन सहकारी झाला. हें आमच्याकडे किती शाळांत खपेल, हा प्रश्न मी वाचकांवर सोपवितों.

तेव्हां पहा, जगज्जेती जोडी शाळेंत बसली आहे, आणि तिला हरविण्याचें शिक्षण द्या म्हणून दुसरी जोडी दाराशीं आली आहे. गुरूंनीं दार उघडलें. २०१७ सालीं हेलसिंकीला नवागतांनीं जुन्या शिष्यांस मागें टाकलें. २०१८ ची गोष्ट वर सांगितलीच.

जांवईबापूंशीं माझा यावरून वाद झाला. ते म्हणाले, "अण्णा, हा धंदा आहे. दोघांकडून फी घ्यायची, कोणी का जिंकेना. आणि कॅनडाच्या बाईनं फ्रान्सच्या पोरांना शिकवायचं, हे तरी बरोबर का?" फीचें म्हणणें मीं मान्य केलें, मीहि पगार घेऊनच शिकवीत होतों. दुसरें म्हणणें पटलें नाहीं. आमच्या पाठशाळेंत शास्त्रीबुवांनीं विद्यार्थ्याला गांव विचारलें तें जेवणाची सोय लावण्यापुरतें. पण वाद घालतांना माझें चित्त तेथें नव्हतें. तें आमच्या जुन्या घराच्या माजघरांत गेलें होतें.

आमच्या घरीं एका वेळीं अठरा-वीस पानें बसत. तूप वाढण्याचें काम आईचें. पंक्तींत तिचे स्वतःचे चार मुलगे, दिरांचीं मुलें, वार लावून जेवणारा एखादा विद्यार्थी. आई वाकून वाढीत जाई; ती वर पाहत नसे. "वाढणाऱ्यानं पान बघावं, तोंड बघू नये," असें ती सुनांना सांगे. पंक्तिप्रपंचासारखें पाप नाहीं, असें ती मानी. तो संस्कार घेऊन मी शाळेंत गेलों आणि तेहतीस वर्षें शिकविलें. तेहतीसपैकीं बत्तीस वर्षें तो पाळला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

ती गोष्ट १९९४ सालची. मी स्वतः जुन्या अकरावीचा मॅट्रिक. वडील गेल्यामुळें पुढें कॉलेज घडलें नाहीं, पाठशाळेंत संस्कृत शिकलों आणि त्याच जोरावर शाळेनें ठेवून घेतलें. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति मला मिळावी अशी वडिलांची फार इच्छा होती. ती थोडक्या गुणांनीं हुकली. वडिलांनीं एक अक्षर काढलें नाहीं, आणि त्याच वर्षीं ते गेले. पुढें वीस वर्षांनीं दहावीच्या वर्गांत माझ्यापुढें दोन मुलगे असे बसले कीं, ती शिष्यवृत्ति दोघांच्याहि आवांक्यांत दिसत होती. एक माझा पुतण्या, वडील बंधूंचा मुलगा. दुसरा चार कोसांवरच्या एका खेड्यांतून सायकलीवर येणारा. पुतण्याची स्मरणशक्ति दांडगी. दुसऱ्याची समज खोल. त्याचें अक्षर तेवढें डावीकडे कललेलें, आणि त्यावरून मी त्याला बोलत असें.

माझ्याजवळ एक वही होती. मुलें कोठें चुकतात, कोणत्या संधीला अडखळतात, समासाचा विग्रह कोठें फसवितो, तें सारें वर्षानुवर्षें टिपून त्यावर तोडगे लिहून ठेविले होते. माझी सारी मास्तरकी त्या वहींत होती म्हणा ना. त्या वर्षीं दिवाळीनंतर रोज रात्रीं, जेवणें झाल्यावर, ती वही काढून मी पुतण्याला माडीवर घेऊन बसत असें. वर्गांत मीं कांहीं कमी शिकविलें नाहीं. वर्गांत दोघांना सारखें वाढलें, आणि एकाला घरीं वेगळें पान मांडलें.

त्या दुसऱ्या मुलाला वहीचा सुगावा कसा लागला कोण जाणे. बहुधा पुतण्याच बोलला असेल. एके दिवशीं शाळा सुटल्यावर तो माझ्यापाशीं येऊन म्हणाला, "गुरुजी, तुमची एक वही आहे म्हणतात. रविवारी इथंच बसून वाचीन. घरी नेणार नाही."

मीं सांगितलें, "ती अजून अपुरी आहे."

महाभारतांत द्रोणाची एक गोष्ट आहे. एकलव्याची सर्वांस ठाऊक असते. ही तितकी नसते. द्रोण शिष्यांना पाणी आणावयास पाठवी तेव्हां इतरांस निमुळत्या तोंडाचे कमंडलु देई आणि आपल्या मुलाला रुंद तोंडाचा घडा, म्हणजे तो लौकर भरून येईल आणि इतर येईपर्यंत त्याला एकट्याला चार गोष्टी अधिक सांगतां येतील. अर्जुनानें तें ओळखलें आणि वारुणास्त्रानें कमंडलु भरून तो अश्वत्थाम्याबरोबरच परतूं लागला. ही कथा मीं वर्गांत कितीदां तरी हंसत हंसत सांगितली होती. त्या खेड्यांतल्या मुलाजवळ वारुणास्त्र नव्हतें. त्याच्याजवळ सायकल होती.

निकाल लागला. पुतण्याला शिष्यवृत्ति मिळाली. दुसऱ्याला त्याच्यापेक्षां दोन गुण कमी होते. घरीं आनंदीआनंद झाला. वडील बंधूंनीं वडिलांच्या तसबिरीला हार घातला, आणि खरें सांगावयाचें तर त्या दिवशीं मीहि सुखावलों. संध्याकाळीं तो मुलगा पेढे घेऊन आला. पायां पडला. जातांना दारांत थांबून त्यानें विचारलें, "गुरुजी, ती वही आता पुरी झाली का?"

तो हें भोळेपणानें बोलला कीं जाणून, हें मला आजतागायत कळलेलें नाहीं. त्याच्या चेहऱ्यावरून ओळखावें, तर मीं वर पाहिलेंच नाहीं. अकरावीस त्यानें वाणिज्य शाखा घेतली; संस्कृत सुटलें. पुतण्याचेंहि सुटलें, तो यंत्रशास्त्राकडे गेला. म्हणजे ज्याच्यासाठीं हें केलें ती विद्या दोघांपैकीं एकाच्याहि घरीं राहिली नाहीं.

माँट्रियलच्या त्या रात्रीं झोंप लागेना ती यामुळें. त्या बाईंजवळ पंक्तिप्रपंचाला माझ्यापेक्षां शतपट निमित्त होतें. एक जोडी स्वदेशाची, लोकांच्या गळ्यांतला ताईत. दुसरी आपल्याच जुन्या गुरूनें आणलेली. शिवाय स्वतःचें पदक तोरिनोच्या बर्फावर सांडलेलें; तें एखाद्या लाडक्या शिष्याच्या हातून भरून घ्यावें असें वाटणें माणसाला किती सोपें आहे, हें मला कोणी सांगावयास नको. दोन्ही पानें किती सारखीं वाढलीं गेलीं, तें पाऊण गुणाच्या त्या फरकावरून दिसतें. फ्रेंच मुलीचा आकडा निघाला नसता तर कदाचित् उलटें होतें, आणि तेंहि तितकेंच त्यांचें यश ठरलें असतें.

मी एप्रिलांत परत आलों. २०२२ च्या फेब्रुवारींत बीजिंगचें ऑलिंपिक झालें, तेव्हां नातीचा फोन आला. या खेपेस पापादाकिस आणि सिझेराँ यांनीं सुवर्णपदक जिंकलें, हबेल आणि डॉनह्यू यांस कांस्यपदक मिळालें, आणि उतरलेल्या २३ जोड्यांपैकीं ११ जोड्या त्या एका शाळेंतल्या होत्या. "अण्णाआजोबा, अकरा!" ती ओरडत होती. मला आईची तुपाची तामली आठवली.

त्याच आठवड्यांत मीं माळ्यावरची ट्रंक उतरविली. वहीचीं पानें पिवळीं पडलीं होतीं, एका कोपऱ्यास कसर लागली होती. शेवटचीं सात पानें खरोखरीच कोरीं होतीं. तेवढ्यापुरतें माझें म्हणणें खोटें नव्हतें. तीं भरावयास मला तीन आठवडे लागले. एका जुन्या विद्यार्थ्याकडून त्याचा पत्ता मिळविला. तो कोल्हापुरास हिशेबतपासणीचें काम करतो. त्याची मुलगी आठवींत आहे आणि तिनें संस्कृत घेतलें आहे, असें कळलें. वहीबरोबर मीं पत्र लिहिलें. काय लिहिलें तें येथें देत नाहीं; वर लिहिलें तेंच थोडक्यांत. पुतण्याला आधीं विचारलें. तो म्हणाला, "काका, हे तुम्ही फार पूर्वी करायला हवं होतं," आणि टपाल कचेरींत स्वतः माझ्याबरोबर आला.

नवव्या दिवशीं रजिस्टर टपालाची पोंच परत आली. पत्र अद्याप आलेलें नाहीं. पोंचेवर त्याची स्वतःची सही आहे. अक्षर तेंच, डावीकडे कललेलें.